बोर्डावरची चार मिनिटं

फोन वाजला की आधी हातातलं काम सुटतं आणि मग कंटाळा येतो. गेली काही वर्षं हाच क्रम आहे. साध्या फोनचं नाही म्हणत, आमच्या गावच्या फायर स्टेशनचं अ‍ॅप वाजतं त्याबद्दल बोलतेय. तीन सुरांचा कर्कश आवाज. डोक्याला शॅम्पू लावलेला असताना वाजतो, पोळी तव्यावर असताना वाजतो, ऑफिसच्या मीटिंगमध्ये हमखास वाजतो. बहुतेक वेळा कुणाच्या तरी फोडणीने छताचा धुराचा अलार्म बोंबलत असतो. बंब जातो, आम्ही खिडक्या उघडतो, सॉरी-थँक्यू होतं, बंब परत येतो. मी एकावन्न वर्षांची आहे, माझे गुडघे दुखतात, आणि तरी मी दर वेळी उठते.

आमचं गाव अमेरिकेत, मिनियापोलिसच्या पश्चिमेला, ईडन प्रेरी या उपनगराच्याही पलीकडे. अर्धं मक्याचं आणि अर्धं एकसारख्या नव्या घरांचं. पगारी अग्निशमन दल ठेवायची गावाची ऐपत नाही, त्यामुळे आग लागली की गावातलीच माणसं हातातलं काम टाकून स्टेशनवर जातात आणि बंब काढतात. पूर्वी ही माणसं गावातच कामाला असायची. आता दिवसा सगळे शहरात. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळात गावाला आग लागायची परवानगी नाही असं समजा.

मी यात कशी पडले ते सांगते. स्टेशनवर दर वसंतात पॅनकेकचा नाश्ता असतो, सगळ्या गावाला आमंत्रण. तिथे दलाच्या चीफने विचारलं, दिवसा घरी कोण कोण असतं? मी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, म्हणून मी सरळ हात वर केला. पुढच्या आठवड्यात माझ्या मापाचा, आगीत घालायचा कोट आला. नागपूरच्या बाईला इथे येऊन आगी विझवायची हौस कशाला, असं नवरा म्हणाला. हौस नव्हतीच. कुणी तरी विचारलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी मी अशाच केल्या आहेत.

पहिल्या दिवसापासून मला ज्यांनी शिकवलं ते दूधवाले काका. त्यांना काका मी मनात म्हणायची. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात, पण सत्तरीच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही, त्यामुळे सहा वर्षं मी त्यांना कशानेच हाक मारली नाही. त्यांनी चाळीस वर्षं डेअरीचा टँकर चालवला होता, म्हणून दूधवाले. उंच, लांब पायांचे, कमी बोलणारे. बंब तेच चालवायचे. पाण्याचा लांबलचक होज पाइप कसा गुंडाळायचा, बर्फात झडपा कशा सोडवायच्या, घाबरलेल्या माणसाशी आधी काय बोलायचं, सगळं त्यांनी मला शिकवलं, आणि शिकवताना एकदाही उसासा टाकला नाही. माझा स्वतःचा स्वभाव तसा नाही, म्हणून मला ते फार जाणवायचं.

तेव्हा स्टेशनच्या छपरावर भोंगा होता. तो वाजला की गावभर ऐकू जायचा आणि ज्याला जमेल तो निघायचा. आणखी कोण येतंय हे कुणालाच कळायचं नाही, म्हणून सगळेच यायचे. दूधवाले काका नेहमी पहिले. मग नवी घरं झाली आणि नव्या घरांतून तक्रारी सुरू झाल्या. बाळं दचकून उठतात, कॉलवर असताना काही ऐकू येत नाही. तक्रारीची जी ईमेल गेली तिच्यावर आपल्या लोकांच्या सह्या बऱ्याच होत्या. खोटं कशाला बोलू, माझीही होती. स्टेशनमध्ये यायच्या आधीची, पण होती.

मग भोंगा बंद करून कॉम्प्युटरवरची नवी यंत्रणा घ्यायचं ठरलं आणि ती कुणाच्या गळ्यात पडली हे सांगायला नको. आयटीवाली बाई आहे ना, तिला द्या. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कंट्रोल रूममधून निरोप थेट सगळ्यांच्या फोनवर येतो. फोनवर तीन बटणं: स्टेशनवर येतोय, थेट आगीच्या जागी जातोय, येऊ शकत नाही. स्टेशनच्या भिंतीवर मोठा बोर्ड. ज्याने ‘येतोय’ दाबलं त्याचं नाव हिरवं होतं आणि शेजारी त्याच्या घरापासूनची मिनिटं उलटी मोजली जातात. माझ्या नावापुढे चार मिनिटं.

फोनचं लोकेशन बघून माणूस खरंच कुठे आहे हेही बोर्डावर दाखवता आलं असतं. पण आमच्या बायकांना कळायला नको आम्ही कुठे असतो, असं कुणी तरी म्हणालं, सगळे हसले आणि ती सोय बंद ठेवायची ठरली. मिनिटं शून्यावर आली तरी माणूस पोचला नसेल तर नाव लाल व्हायचं, तेही मीच बदललं. बर्फात उशीर होतो, आणि फुकट राबणाऱ्या माणसाचं नाव भिंतीवर लाल करणं मला उद्धटपणाचं वाटलं. त्यामुळे आमच्याकडे शून्य झालं तरी नाव हिरवंच राहतं.

दूधवाले काकांकडे घडीचा जुना फोन होता. त्यात अ‍ॅप चालत नाही. नवा घ्या म्हटलं तर म्हणाले, ‘येतोय म्हणून सांगण्यात वेळ घालवण्यापेक्षा मी येतोच ना.’ त्यांच्या स्वयंपाकघरात एक जुना रेडिओ होता, त्यावर कंट्रोल रूमचं बोलणं ऐकू यायचं. ते ऐकून ते यायचे, पहिल्यासारखेच, सगळ्यांच्या आधी. पण यंत्रणेला ते दिसायचे नाहीत. सुरुवातीला दर शुक्रवारी मी त्यांची हजेरी हाताने भरत होते. मग ऑफिसात मोठं रिलीज आलं, मग दुसरं आलं, आणि ते राहून गेलं. करू पुढच्या आठवड्यात, असं म्हणत सात-आठ महिने गेले.

आता त्या दुपारबद्दल. पण त्याआधी आमच्या घरातली एक सवय सांगायला हवी, कारण मला ती पुरेपूर लागलेली आहे. आमच्याकडे ‘निघाले’ म्हणजे निघायचा विचार पक्का झाला. बाबा फोनवर ‘निघालोच’ म्हणायचे तेव्हा ते टॉवेलवर असायचे. आई ‘कोपऱ्यावर आलेय’ म्हणायची आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू यायची. यात कुणी कुणाला फसवत नाही. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही हिशेब माहीत असतो. निघाले म्हणजे आणखी पंधरा मिनिटं, हे ऐकणारा स्वतःच धरून चालतो.

फेब्रुवारीतली दुपार होती, दोन वाजून गेले होते. मी मीटिंगमध्ये होते. टेक्सासमध्ये अर्विंगला बसलेली आमची टीम लीड स्क्रीन शेअर करत होती, आणि माझ्या अप्रूव्हलशिवाय रिलीज पुढे जाणार नव्हतं. फोन वाजला. निरोप होता: घरात धुराचा वास, नव्या घरांचा भाग. फोडणी, मी मनात म्हटलं. ‘येतेय’ दाबलं आणि फोनचा आवाज बंद केला.

‘मला जावं लागेल गं, फायरचा कॉल आहे,’ मी म्हटलं.

‘दोन मिनिटं थांब ना यार,’ ती म्हणाली. ‘शेवटच्या तीन टेस्ट केसेस राहिल्यात. तू अप्रूव्ह केलंस की मी डिप्लॉय करते. नाही तर सगळं उद्यावर जाईल, आणि उद्या कोण बघणार?’

मी थांबले. दोन मिनिटांची सात झाली. दरम्यान फोनवर दुसरा निरोप आला होता, ज्वाळा दिसताहेत म्हणून. आवाज बंद असल्यामुळे मी तो बूट घालताना पाहिला.

स्टेशनवर पोचले तेव्हा मोठं दार उघडं होतं, बंब चालू होता आणि दूधवाले काका ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. एकटे. भिंतीवर तीन नावं हिरवी होती. एक चीफचं, तो दूरच्या गावातून थेट जागेवर निघाला होता. एक आमच्या दलातल्या शाळामास्तराचं, तो शेवटपर्यंत आलाच नाही. आणि एक माझं, पुढे शून्य. मी चढले, पट्टा लावला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि बंब बाहेर काढला.

आम्ही पोचलो तेव्हा शेजारच्या गावाचा बंब आधीच तिथे होता. गॅरेज गेलं होतं आणि त्याच्या वरची खोली जळत होती. कपडे वाळवायच्या मशीनपासून सुरुवात झाली होती, ते नंतर कळलं. रस्त्याच्या कडेला बर्फात एक मराठी काकू उभ्या होत्या, साडीवर मुलाचं जाकीट, पायात घरातल्या सपाता. मुलगा आणि सून कामावर, घरात ही दोघंच म्हातारी माणसं, सहा महिन्यांसाठी आलेली. काकूंचे यजमान वरच्या खोलीतले पासपोर्ट आणायला परत आत गेले होते. त्यांना शेजारच्या गावाच्या लोकांनी बाहेर काढलं होतं, आणि ते अँब्युलन्समध्ये तोंडाला मास्क लावून पडले होते.

मी काकूंना मराठीत म्हटलं, ‘काकू, चला, गाडीत बसा.’ त्यांनी माझ्या कोटाकडे आणि मग तोंडाकडे पाहिलं.

‘तुम्ही मराठी?’

‘हो.’

‘फोनवरची बाई सारखी म्हणत होती, निघालेत, निघालेत. मला इंग्रजी तेवढं कळतं. ह्यांना मी म्हटलं, लोक निघालेत, थांबा. पण किती वेळ थांबणार? मग गेले हे आत.’ त्यांनी मुलाचं जाकीट अंगाशी ओढलं. ‘कुठून निघाला होतात हो तुम्ही?’

त्यांनी ते खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. त्यांना वाटलं असेल, लांबून येत असू. मी सांगितलं, इथूनच, जवळच. त्यांना अँब्युलन्सपर्यंत नेऊन पोचवलं. त्यांचे यजमान नऊ दिवसांनी घरी आले, फुप्फुसं जरा नाजूक झाली, पण आले. ते आले नसते तर हे मी लिहिलं नसतं, कुणाला सांगितलंही नसतं. मी स्वतःला तेवढी ओळखते.

पुढच्या आठवड्यात स्टेशनवर बैठक झाली. चीफ चाळिशीच्या आतला, प्लंबिंगचा धंदा करणारा, कायम झोप अपुरी राहिलेला मुलगा आहे. वाईट नाही. त्याने पडद्यावर यंत्रणेतला तक्ता लावला. सर्वांत जलद प्रतिसादाच्या रकान्यात माझं नाव पहिलं होतं. मी बटण तीन सेकंदांत दाबलं होतं. दूधवाले काकांच्या नावापुढे वर्षभर बहुतेक रकाने रिकामे होते.

‘बंब आठ मिनिटं चालू स्थितीत दारात उभा होता,’ चीफ म्हणाला. ‘तुम्ही आत बसला होतात. का?’

‘माणसाची वाट बघत होतो,’ काका म्हणाले.

‘कुणाची?’

काकांनी खांदे उडवले. ‘दोन माणसं असल्याशिवाय हलायचं नाही, हा नियम तूच केलास.’

खोलीत काही जण हसले, कारण तो नियम काकांनी पूर्वी खुशाल मोडला होता. एकटेच बंब घेऊन जायचे, बाकीचे मागून गाठायचे. चीफने त्यांना दोनदा समजही दिली होती. मी समोर कॉफीचा कागदी पेला धरून बसले होते. तोंड उघडून एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी पेल्याच्या कडेला नखाने टोकत राहिले, आणि चीफ पुढच्या विषयावर गेला. मला त्या दिवसाची आजही लाज वाटते, आगीच्या दिवसापेक्षा जास्त.

पुढचा विषय होता दलातल्या माणसांची यादी. वर्षभरात ठरलेल्या संख्येपेक्षा कमी कॉलना हजर असेल त्याचं नाव काढायचं, असं गावच्या कौन्सिलने ठरवलं होतं. आणि यादीत नसलेल्या माणसाला विम्यामुळे बंबाला हातही लावता येत नाही. हजेरी म्हणजे अर्थातच बोर्डावरची हजेरी. चीफ माझ्याकडे वळून म्हणाला, ‘तेवढं अपडेट करशील?’

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्रणा उघडली. माझ्या त्या दुपारच्या नोंदीत खरी वेळ घातली: बटण कधी, घरातून कधी निघाले, का. मग मागचे रेडिओचे रेकॉर्ड शोधून काढून काकांच्या जितक्या फेऱ्या सापडल्या तितक्या भरल्या. बरंच काही सापडलं नाही. बंब कोण चालवतंय हे रेडिओवर कुणी बोलत नाही, गावाला ते माहीतच असतं. संख्या पुरी झाली नाही. मी चीफला सगळं लिहून पाठवलं, काका वाट माझी बघत होते हेही लिहिलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, सगळेच थोडंफार असं करतात. कौन्सिलला आकडे गेले आहेत, आता बदलता येणार नाहीत. शून्यानंतर नाव लाल करूया का, असं मी विचारलं होतं. त्यावर, लोक नाराज होतील, आधीच माणसं कमी आहेत, एवढंच.

काकांचं नाव यादीतून काढायचं बटण शेवटी मीच दाबलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. ते न करायचं तर मी राजीनामा द्यायला हवा होता, आणि मग दिवसा दोनच माणसं उरली असती. असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्यात थोडं खरंही आहे.

कोट-बूट परत करायला ते एका दुपारी आले तेव्हा स्टेशनवर मी एकटीच होते. त्यांनी कोट घडी करून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, मला बैठकीत बोलायला हवं होतं, मी चुकले. त्यांनी मान हलवली, हो असंही नाही आणि नाही असंही नाही.

‘मी तो बोर्ड कधी बघत नाही,’ ते म्हणाले. ‘त्या दिवशी बघितला. निघणारच होतो एकटा. गिअर टाकला होता. मग वर तुझं नाव हिरवं दिसलं. तुझं घर चार मिनिटांवर. म्हटलं, ही येतेय म्हणजे येतेय.’

आमच्या घरात ‘निघाले’ ऐकणारा पंधरा मिनिटं धरतो. त्यांनी चारच धरली होती. मला रडू आलं, आणि त्यांना अवघडल्यासारखं झालं. मग ते होज गुंडाळायच्या मशीनचा पट्टा सैल झालाय, तो बघून घ्या, असं सांगून गेले.

त्यानंतर मी गाडी सुरू करून रस्त्याला लागल्याशिवाय बटण दाबत नाही. तक्त्यात मी आता सातव्या-आठव्या क्रमांकावर असते.

गेल्या महिन्यात सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. मक्याच्या वाळवणीच्या शेडला आग. स्टेशनवर पोचले तर कोणी नाही. दार उघडलं, बंब चालू केला, ड्रायव्हरच्या सीटवर चढले. सीट अजून लांब पायांसाठी मागे सरकवलेली आहे, मला पेडलपर्यंत पाय ताणावे लागतात, आणि तरी मी ती पुढे घेतलेली नाही. भिंतीवर शाळामास्तराचं नाव हिरवं होतं, तीन मिनिटं. मग दोन. मग एक. मग शून्य.

माझा फोन वाजला. नंबर दूधवाले काकांचा होता.

‘रेडिओवर बंब निघाल्याचं काही बोलले नाहीत,’ ते म्हणाले. ‘कोण आहे तिथे?’

‘मी.’

‘एकटी?’

‘हो.’

‘येऊ का?’

ते यादीत नव्हते. आले तर बंबात बसता येणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ‘नको,’ मी म्हटलं. ‘शाळामास्तर निघालाय.’

‘निघालाय?’ त्यांनी विचारलं.

मी बोर्डाकडे पाहिलं. ‘बोर्डावर तसं दिसतंय,’ मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून त्यांच्या गाडीचं इंजिन चालू असल्याचं ऐकू येत होतं.